४७१ची चौकशी आणि तूप लावायचा ब्रश: नागपूरच्या एका बेकरीचं प्रकरण

"मॅडम, हे चारशे एकाहत्तर काय होय? नवरदेवाकडचे म्हणून राहिले का यात डुकराची चरबी राहते."

शाबान महिना निम्मा सरला होता, लग्नसराई जोरात होती, आणि फोनवर मोमीनपुऱ्यातल्या बेकरीवाल्या चाचांचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर होता. चाचांचं मूळ घर काटोलकडचं, त्यामुळे बोली पक्की वऱ्हाडी. त्यांच्या नानखटाईच्या पाकिटाचं लेबल मी तीनेक वर्षांपूर्वी करून दिलं होतं. तेव्हापासून 'खाद्यपदार्थाचं काही असलं की मॅडमला विचारा' असा त्यांच्याकडे शिरस्ता पडला आहे. मी एलआयटीची, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेची, तेलतंत्रज्ञान शिकलेली. छोट्या कारखान्यांना लेबलं आणि परवान्याचे कागद करून देणं हा माझा धंदा.

प्रकरण असं होतं. जाफरनगरच्या एका घरातली मुलगी चिपळूणला दिली होती. निकाह नागपुरात. पाहुण्यांना वाटायला नानखटाईचे चारशे डबे आणि एक तीन मजली केक, अशी ऑर्डर चाचांकडे. नवरदेवाच्या मावशीने विचारलं, "केकमध्ये कोणते नंबर आहेत?" म्हणजे पाकिटावर घटकांच्या यादीत छापतात ते सांकेतिक नंबर, आणि पाठोपाठ मोबाइलवर एक यादी आली. तीस-पस्तीस नंबर, आणि वर मथळा: या सगळ्यांत डुकराची चरबी असते. मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी बेकरीत हजर. लेखी द्या, नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. हातात नऊ दिवस होते.

यादीचं काय करायचं

ती यादी मी आधीही पाहिली होती. बरीच वर्षं फिरते आहे, वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या नावांनी. तिच्यात १०० हा नंबर होता. १०० म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. १४० म्हणजे क्लोरोफिल, पानांचा हिरवा. ३३४ म्हणजे टार्टारिक आम्ल, जे चिंचेत भरपूर असतं. मी चाचांना म्हटलं, या हिशेबानं तुमच्या घरचं वरण पण गेलं. ते हसले नाहीत. बरोबरच होतं त्यांचं, चारशे डब्यांचा सवाल होता.

पण यादीत ४७१ही होता, ४७२ही होता, १२०ही होता. या तिघांबद्दलची शंका अगदीच पोकळ नाही. अशा याद्यांचा खरा त्रास हाच: शंभर टक्के खोट्या असत्या तर फेकून देता आल्या असत्या.

नंबर म्हणजे काय, ते आधी समजून घ्यायला हवं. युरोपात ई लावून लिहितात, आपल्याकडे आयएनएस म्हणून. बहुतेक आकडे सारखेच. हा नंबर पदार्थाचं नाव सांगतो, त्याचं गाव सांगत नाही. ४७१ म्हणजे स्निग्धाम्लांची मोनो आणि डायग्लिसराइडं. ती पामतेलापासून होतात, सोयाबीनपासून होतात, गुरांच्या चरबीपासून होतात आणि डुकराच्या चरबीपासूनही होतात. रेणू तोच. म्हणून "४७१ हलाल की हराम" हा प्रश्नच अर्धा आहे. कोणाच्या कारखान्यातलं, कशापासून केलेलं, हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर निघत नाही.

टेबलावर तेवीस वस्तू

दुपारी भट्टी थंड असते. तेव्हा बेकरीत जे जे मैद्यात, क्रीममध्ये किंवा केकवर जातं ते सगळं टेबलावर मांडायला लावलं. तेवीस डबे, पुड्या, बाटल्या निघाल्या. पहिली चाळणी हिरव्या ठिपक्याची.

परदेशातल्या मुसलमान ग्राहकाला नसलेली एक सोय आपल्याला आहे आणि तिची जाणीव आपल्याला फारशी नसते. हिरवा ठिपका म्हणजे दूध, मध वगैरे सोडलं तर त्या वस्तूत प्राणिज घटक नाही, असं उत्पादकाने कायद्यासमोर सांगितलेलं असतं. डुकराची किंवा गुरांची चरबी घातली तर ती नाव घेऊन लिहावी लागते. २०२०च्या लेबलिंग नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी गोलाचा त्रिकोण केला, रंग न ओळखणाऱ्यांनाही कळावा म्हणून. आणि डिसेंबर २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता सांकेतिक नंबर पुरे नाही, घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हे कळलं पाहिजे. त्या निकालात ६३१चं उदाहरण होतं, नूडल्स आणि चिप्सच्या चवीसाठी वापरतात ते डायसोडियम इनोसिनेट.

तरी ठिपका म्हणजे हलालचा शिक्का नव्हे. दारूच्या अर्कात विरघळवलेल्या इसेन्सला हिरवा ठिपका मिळू शकतो. उलट अंड्याच्या केकवर तपकिरी खूण येते आणि अंडं तर हलालच. ठिपका कामाचा आहे, पण तो शाकाहाऱ्यांसाठी बेतलेला आहे.

तेविसांपैकी चौदा वस्तू ठिपक्यावर आणि घटक वाचून बाजूला झाल्या. मैदा, साखर, डालडा, यीस्ट वगैरे. उरल्या नऊ.

केक जेल

केक जेल म्हणजे तो पिवळट, मऊ साबणासारखा गोळा, ज्याच्यामुळे आजकाल केक दहा मिनिटांत फुगतो. त्यात सॉर्बिटॉल, पाणी आणि मुख्य म्हणजे ४७१. हे ४७१ करायची रीत सोपी आहे: तेल किंवा चरबी आणि ग्लिसरीन एकत्र करून, किंचित अल्कली घालून, दोनशे अंशांच्या वर तापवायचं. तयार झाल्यावर पांढरी भुकटी किंवा मणी. त्याकडे बघून, वास घेऊन, चाखून काहीही कळत नाही.

"मग लॅबात टाका ना," चाचांचा पुतण्या म्हणाला. माझं शिक्षण त्यातलंच, म्हणून सांगते, इथे लॅब फार उपयोगाची नाही. गुरांच्या चरबीत सतरा कार्बनचं मार्गारिक आम्ल थोडं सापडतं, त्यावरून अंदाज बांधता येतो, पण शुद्ध केलेल्या मालात ती खूण पुसट होते. डीएनए तर एवढ्या उष्णतेत उरत नाही. म्हणजे कागदच मागायचे.

कंपनीच्या डब्याला ठिपका होता, पण चाचांकडे कंपनीचा डबा नव्हताच. इतवारीतला दुकानदार मोठ्या बादलीतून एकेक किलो काढून साध्या डब्यात भरून देत होता. डब्यावर मार्करने लिहिलेलं: जेल. त्याला फोन केला तर उत्तर, "एकदम प्युअर व्हेज आहे मॅडम, बिनधास्त वापरा." माझ्या अनुभवात हे वाक्य जो सर्वांत झटकन म्हणतो त्याने बादलीचं लेबल कधीच वाचलेलं नसतं.

मी पत्र लिहिलं, तीन ओळींचं. तुमच्या ४७१मधली स्निग्धाम्लं कोणत्या तेलाची? ग्लिसरीन कुठलं? याच यंत्रावर प्राणिज चरबीचा माल बनतो का? आणि बॅच नंबरासह लेखी द्या. दुकानदाराने ते पुढे कंपनीला पाठवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: पामतेल, ग्लिसरीनही वनस्पतीचं, कारखान्यात प्राणिज चरबी येतच नाही. सोबत हलाल प्रमाणपत्राची प्रत. मला आश्चर्य वाटलं नाही. पामतेल स्वस्त, आणि १९८३ साली वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं तेव्हापासून या धंद्यातले लोक चरबीच्या नावालाही दचकून असतात. पण पत्र होतं त्या कंपनीच्या बादलीबद्दल. चाचांचा मार्करवाला डबा त्याच बादलीतला कशावरून? म्हणून तो डबा ठेवून दिला आणि लग्नाच्या ऑर्डरसाठी सीलबंद पाच किलोची बादली आणली.

बाकीच्या आठ, भराभर

ब्रेड इम्प्रूव्हर: प्लास्टिकच्या पिशवीत सुटी पांढरी पूड. २०१६मध्ये पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आल्यापासून अशा पुड्यांत व्हिटॅमिन सी आणि एन्झाइमं जास्त दिसतात, पण कधी ९२० म्हणजे एल-सिस्टीनही असतं. ते कणीक सैल करतं. मिळतं कशापासून, तर बदकांच्या पिसांपासून, माणसाच्या केसांपासून, आणि आता आंबवूनही. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, दृष्टीनं यातला माणसाचा केस गमतीचा आहे: तो नापाक नाही, पाकच आहे, खायचा नाही तो माणसाच्या इज्जतीपायी. असो, पिशवीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, विचारणार कोणाला? पिशवी बाद. पाव तसाही या ऑर्डरमध्ये नव्हता.

लाल चेरी: चेरी कसली, पाकवलेलं करवंदच ते, रंगवलेलं. टूटीफ्रूटीही कच्च्या पपईचीच. रंग १२२, कार्मोझिन. मावशींनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं, कारण त्यांना ते कर्माइन वाटलं. कर्माइन म्हणजे १२०, निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला लाल; हनफी आणि शाफई, म्हणजे सुन्नी फिकहच्या दोन पंथांतल्या, बहुतेक उलमांना (धर्मपंडितांना) तो चालत नाही. कार्मोझिन पूर्ण कृत्रिम. दोन अक्षरांचा घोळ. तब्येतीला चांगला की वाईट हा वेगळा मुद्दा.

चंदेरी गोळ्या: वरची चकाकी ९०४ची, म्हणजे शेलॅक, लाख. लाख आपल्याकडे गोंदियाच्या जंगलातून येते, पळसावर, कुसुमावर किडा जो स्राव सोडतो तो. गंमत अशी की आपल्या नियमांत मांसाहाराच्या व्याख्येतून मध आणि मेणाबरोबर शेलॅकही वगळलेलं आहे, त्यामुळे त्यावर हिरवा ठिपका येऊ शकतो. ठिपक्यावर सोडून न देता हा प्रश्न धर्माचा निर्णय देणाऱ्या मुफ्ती साहेबांसाठी ठेवला.

मार्शमेलो: परदेशी पाकीट, मागे चिकटवलेल्या पट्टीवर तपकिरी त्रिकोण आणि 'जिलेटिन, प्राणिज'. कोणत्या प्राण्याचं, कसं कापलेलं, पत्ता नाही. बटरस्कॉच इसेन्स: विद्राव म्हणून अल्कोहोल. व्हॅनिला: प्रॉपिलीन ग्लायकॉल, १५२०, काही अडचण नाही. रम इसेन्स: नाताळच्या प्लम केकचा उरलेला, दारूचा थेंब नाही, फक्त वास. उरलेला एक रंग कृत्रिमच होता.

मुफ्ती साहेबांकडे

इथे मी एक शिस्त पाळते. पदार्थ कशापासून झाला हे मी सांगेन. चालतो की नाही हे सांगणं माझं काम नाही, आणि मी हिंदू बाई आहे म्हणून नाही. मुसलमान केमिस्टनेही ते सांगू नये असं माझं मत आहे. घोळ बहुधा तिथेच होतो. केमिस्ट फतवा देतो आणि मौलाना केमिस्ट्री सांगतात.

मुफ्ती साहेबांनी माझा कागद सावकाश वाचला. त्यांनी पहिलंच विचारलं ते मला आवडलं: "यातलं तुम्हाला माहीत किती, आणि वाटतं किती?" मग समजावलं. मांस सोडून बाकी वस्तूंत मूळ हुकूम मुभेचा आहे. यकीन शकाने जात नाही, म्हणजे खात्री नुसत्या शंकेने मोडत नाही. नुसत्या मोबाइलवरच्या यादीने वस्तू हराम होत नाही. पण जिथे शंकेला ठोस आधार आहे तिथे ती मुश्तबिह, म्हणजे संशयातली, आणि हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, मधलं संशयाचं टाळावं, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, त्यांनी सांगितली.

जिलेटिनवर ते बराच वेळ बोलले. मूळ वस्तूचं रूप आणि गुण पूर्ण पालटले तर हुकूमही पालटतो, याला इस्तिहाला म्हणतात. हनफी पुस्तकांतलं जुनं उदाहरण मिठाच्या खाणीत पडून मीठ झालेल्या गाढवाचं. पण हाडाचं किंवा कातड्याचं जिलेटिन होणं हा तसा पालट आहे का, यावर आजच्या उलमांत एकमत नाही. शाफई मतात इस्तिहालाला जागाच फार थोडी: आपोआप सिरका झालेली दारू, कमावलेलं कातडं, आणि कातडं म्हटलं तरी डुकराचं नाही.

आणि इथे चाचांच्या लक्षात आलं की नवरदेवाकडची मंडळी कोकणी, म्हणजे शाफई. नागपुरातले बहुतेक हनफी. अल्कोहोलचंही तेच. उसाच्या मळीपासून केलेलं, द्राक्ष-खजुराचं नसलेलं अल्कोहोल इसेन्समध्ये चिमूटभर आलं तर मुफ्ती तकी उस्मानींसारखे हनफी विद्वान सवलत देतात. शाफईंकडे ती मिळत नाही. "दावत दोघांची आहे," मुफ्ती साहेब म्हणाले, "तर ज्याचा नियम कडक त्याच्या ताटाप्रमाणे करा." मार्शमेलो आणि बटरस्कॉच बाद. शेलॅक त्यांनी जायज सांगितलं, स्राव आहे, किड्याचा देह नाही. तरी चाचांनी चंदेरी गोळ्या काढूनच टाकल्या. रम इसेन्सवर मुफ्ती साहेब म्हणाले, दारूच्या नावाचा शौक कशाला लावता? इंडोनेशियात अशा नावावरूनच प्रमाणपत्र नाकारतात, हे मी सांगितलं तर ते खूश झाले.

ब्रश

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी प्रमाणपत्रांची फाइल लावत बेकरीत बसले होते. समोर एक पोरगा नानखटाईच्या ट्रेला तूप लावत होता. सपाट लाकडी मुठीचा, पत्र्याच्या पट्टीचा, पांढऱ्या केसांचा ब्रश. रंगाच्या दुकानात मिळतो तसाच. मी तो हातात घेतला. केस ताठ, मुळाशी जाड, आणि टोकाला प्रत्येक केस दोन-तीन फाट्यांत चिरलेला. नायलॉनचं टोक असं चिरत नाही.

एक केस उपटून गॅसवर धरला. नायलॉन असतं तर वितळून मणी झाला असता. हा चरचरला, आणि डोक्याचे केस जळल्यावर येतो तसा वास आला. चिमटीत काळी राख उरली.

ही चाचणी फक्त जनावराचा केस आहे इतकंच सांगते, कोणत्या जनावराचा ते नाही. पण बकरीचा केस मऊ असतो. ताठ आणि टोकाला फुटलेला पांढरा केस ब्रशात असेल तर तो बहुधा डुकराचाच. धंद्यात नुसतं 'ब्रिसल' म्हणतात. आपल्याकडचे बरेचसे ब्रश उत्तर प्रदेशातल्या शेरकोटहून येतात. दुकानदाराला विचारलं. त्याने ठोक व्यापाऱ्याला विचारलं. उत्तर आलं, "हो, सुअर का ही होता है, अच्छा माल है."

चाचा स्टुलावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. "किती वर्सं झाले हो मॅडम... एवढे नंबर शोधले आपन, अन हे रोज हातात होतं."

रात्री घरी गेल्यावर मी माझ्या ओट्यावरचा, पुरणपोळीला तूप लावायचा ब्रश काढला. केस जाळून पाहिला. तोच वास. आमच्याकडे कांदा-लसूणही चातुर्मासात चालत नाही.

मुफ्ती साहेबांकडे दुसरी खेप. हनफी ग्रंथांत मोच्याला जोडा शिवायला डुकराचा केस वापरायची मुभा एके काळी दिली होती, कारण दुसरं काही मिळत नव्हतं. आज दुसरं मिळतं, म्हणून ती सवब नाही. केस डुकराचा आहे याची शंभर टक्के खात्री नसली तरी जन-ए-गालिब आहे, म्हणजे मनाचा पक्का कौल, आणि तेवढा पुरे. मागे अजाणता जे विकलं त्याचा गुन्हा नाही. ट्रे मात्र धुवा. हनफींसाठी तीनदा नीट धुणं पुरतं. शाफईंसाठी सात वेळा, आणि त्यातलं एक पाणी मातीचं.

चाचांनी सात वेळा धुवायचं ठरवलं. माती कुठून आणायची यावर अर्धा तास चर्चा झाली, कारण मोमीनपुऱ्यात सगळीकडे सिमेंट. शेवटी पुतण्या मोटरसायकलवर काटोल रोडला गेला आणि शेताच्या धुऱ्यावरून गोणीभर काळी माती घेऊन आला. ती पाण्यात कालवली तर गुळगुळीत लोण्यासारखी झाली. मागच्या अंगणात बासष्ट ट्रे, चार पोरं, एक नळ. एक माती फासत होता, दुसरा मोठ्यानं मोजत होता, कारण पाच झाले का सहा यावर दर दुसऱ्या ट्रेला भांडण. ओव्हनचे साचे, परात, ओटा, सगळं गेलं त्यातून. संध्याकाळपर्यंत ॲल्युमिनियम असं चमकलं की चाचा म्हणाले, हे तर आधीच कराले पाहिजे होतं.

ऑर्डर वेळेत गेली. मुलीच्या वडलांना मी लेखी दिलं ते 'हलाल आहे' असं नाही. कोणती वस्तू, कोणाची, कोणत्या बॅचची, कशापासून झालेली, एवढंच. आणि खाली मुफ्ती साहेबांचा वेगळा कागद. मावशींनी दोन्ही वाचले आणि ब्रशबद्दल आणखी तीन प्रश्न विचारले. त्यांच्या चिपळूणच्या घरातला ब्रश कोणता, हे त्यांनी तिथूनच फोन करून पाहायला लावलं.

नव्या ब्रशाची गोष्ट अजून मिटलेली नाही. नायलॉन भट्टीच्या गरमीत टिकत नाही. सिलिकॉनचा आणला तर तो तूप धरत नाही, पोरं वैतागली. सध्या ट्रेला तूप लावतात ते सुती कापडाच्या बोळ्यानं, गल्लीतल्या एका जुन्या विणकराकडून आणलेला तुकडा, चौघडी करून दोऱ्यानं बांधलेला. चाचांचे आजोबा काटोलला असंच करायचे म्हणे. बोळा रोज रात्री उकळत्या पाण्यात टाकायचा असतो, आणि तो टाकायची पाळी कोणाची यावर आता भांडण असतं.